कत्तलीआधी मेंढ्यांमधले घातक जिवाणू कसे शोधतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेंढपाळ, पशुवैद्यक, कत्तलखान्यात काम करणारे आणि प्रयोगशाळेत नव्यानं आलेली मुलं यांच्याकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात. उत्तरांकडे वळण्याआधी एक सांगून ठेवतो. प्रयोगशाळेचा अहवाल म्हणजे मेंढीच्या तब्येतीचा दाखला नव्हे. अमुक दिवशी, अमुक नमुन्यात, अमुक पद्धतीनं काय सापडलं, एवढीच ती नोंद असते. बहुतेक गैरसमज हे विसरल्यामुळे होतात.

मेंढी ठणठणीत आहे, चरते, रवंथ करते. मग तिच्यात शोधायचं काय?

ठणठणीत आहे म्हणूनच शोधायचं. माणसाला अंथरुणाला खिळवणारे कितीतरी जिवाणू मेंढीच्या आतड्यात बिनबोभाट नांदतात. ताप नाही, हगवण नाही, वजन घटत नाही. अशा जनावराला वाहक म्हणतात. जिवाणू लेंडीतून बाहेर पडतात, पायांना आणि लोकरीला लागतात. पुढे कातडं सोलताना किंवा आतडी काढताना ते मांसावर येतात. निरोगी जनावराचं मांस आतून बहुधा स्वच्छच असतं, घाण लागते ती बाहेरून. एवढं ध्यानात घेतलं की खालची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

नेमके कोणते जिवाणू शोधतात?

मेंढीच्या बाबतीत पहिला मान शिगा विष तयार करणाऱ्या ई. कोलायचा. यातला ओ१५७:एच७ हा प्रकार १९८२ मध्ये अमेरिकेतल्या साथींनंतर जगाला माहीत झाला. शंभराहूनही कमी जिवाणू पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. रक्ती हगवण होते आणि काही रुग्णांत, विशेषतः लहान मुलांत, मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत मजल जाते. पण मेंढीत फक्त ओ१५७ शोधून थांबणं ही मोठी चूक. तिच्या आतड्यात ओ५, ओ९१, ओ१२८, ओ१४६ असे इतर प्रकारच जास्त आढळतात. ते सगळे सारखे घातक नसतात, पण विषाचं जनुक त्यांच्याकडे असतं.

दुसरा साल्मोनेला. याचे अडीच हजारांहून जास्त उपप्रकार माहीत आहेत. काही मेंढीलाच चिकटलेले असतात. साल्मोनेला ॲबॉर्टसओव्हिस मेंढीचा गर्भ पाडतो, माणसाला मात्र तो क्वचितच त्रास देतो. साल्मोनेला डायरिझोनी नावाच्या उपजातीतला एक प्रकार तर मेंढीच्या नाकात मुक्काम करतो. फक्त लेंडी तपासली तर तो हातातून निसटू शकतो. टायफिम्युरियमसारखे उपप्रकार आढळले तर मात्र कान टवकारायचे, कारण ते जनावर आणि माणूस असा भेद करत नाहीत.

तिसरा कॅम्पिलोबॅक्टर. याचं नाव निघालं की लोकांना कोंबडी आठवते, पण मेंढीच्या आतड्यात आणि पित्ताशयातही तो असतो. लिस्टेरिया, येर्सिनिया आणि क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हेही यादीत येतात. लिस्टेरिया खराब झालेल्या मुरघासातून येतो आणि मेंढीला गोल गोल फिरायला लावणारा मेंदूचा आजार देतो. मात्र तो थंडीतही वाढतो आणि कारखान्याच्या फरशीत, नाल्यांत घर करतो. त्यामुळे त्याच्यासाठी जिवंत मेंढी तपासण्यापेक्षा कत्तलीनंतरची जागा तपासणं जास्त उपयोगी पडतं.

कत्तलीआधी पशुवैद्यक जनावर बघतातच ना? त्यात हे कळत नाही?

नाही. डोळ्यांना लंगडणं दिसतं, ताप कळतो, नाकातून वाहणारा शेंबूड दिसतो. आतड्यातला ई. कोलाय दिसत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१३ मध्ये मेंढ्या-शेळ्यांच्या मांस तपासणीचा आढावा घेतला. त्यात सर्वांत महत्त्वाचे ठरलेले दोन धोके होते शिगा विषाचे रोगकारक ई. कोलाय आणि टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी. नेहमीच्या डोळ्यांच्या तपासणीत या दोन्हींपैकी एकही सापडत नाही.

तरीही ती तपासणी वाया जात नाही. शेपटीखाली लडबडलेली, पोटाखालची लोकर ओली आणि शेणानं माखलेली मेंढी बाजूला काढणं हे डोळ्यांचंच काम आहे आणि जिवाणू रोखण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

मांसच तपासलं तर? जिवंतपणी तपासण्याचा खटाटोप कशाला?

मांसाची तपासणी लागतेच. पण तिथे काही सापडलं तर पाणी डोक्यावरून गेलेलं असतं. यंत्रं, सुऱ्या, हात आणि पुढची कितीतरी धडं तोवर त्याच वाटेनं गेलेली असतात. शिवाय धडाच्या पृष्ठभागाचा थोडासाच भाग पुसून घेतला जातो. आधी कळलं तर हातात निर्णय उरतो: हा कळप आज आणायचा की नंतर, सकाळी घ्यायचा की दिवसाच्या शेवटी, लोकर कातरायची की नाही, कत्तलीच्या रेषेवर जास्तीचा माणूस लावायचा का.

नमुना कशाचा घ्यायचा?

ताजी लेंडी हा सगळ्यात भरवशाचा नमुना. शक्य तर थेट गुदद्वारातून, हातमोजा घालून. जमिनीवरची घ्यायची तर नुकतीच पडलेली, ऊब असलेली आणि वरच्या थरातली, मातीला न टेकलेली. वाळलेली, कडक लेंडी घेण्यात अर्थ नाही. कॅम्पिलोबॅक्टर कोरडेपणात आणि मोकळ्या हवेत भराभर मरतो.

नुसत्या कापसाच्या बोळ्यानं, म्हणजे स्वॅबनं, घेतलेला नमुना सोयीचा असतो, पण बोळ्यावर येते चिमूटभर विष्ठा. जिवाणू कमी असतील तर चिमटीत येतीलच असं नाही. म्हणून मी लेंडीलाच प्राधान्य देतो. अपवाद ओ१५७ चा. हा जिवाणू गायी-बैलांत गुदद्वाराच्या लगेच आतल्या श्लेष्मल पट्ट्यावर वस्ती करतो हे २००३ पासून नीट माहीत आहे. तिथे बोळा घासून घेतला तर फायदा होतो. मेंढीत ही वस्ती तितकी ठरावीक जागी नसते, तेव्हा दोन्ही घेतलेलं बरं.

लोकरीचा नमुना वेगळा प्रश्न विचारतो. लेंडी सांगते आत काय आहे, लोकर सांगते मांसावर काय जाऊ शकतं. छातीच्या आणि पोटाच्या मध्यरेषेवर, जिथे सुरी पहिल्यांदा चालते, तिथली लोकर ओल्या स्पंजनं पुसायची. पाठीवरची लोकर पुसून आणली तर ती मेहनत फुकट.

लेंडी गोळा करण्याची तुमची रीत काय?

मेंढी दोन पायांच्या मध्ये धरायला एक माणूस. दुसऱ्याच्या हातात नवा हातमोजा, बोटाला थोडं पाणी. वंगण म्हणून साबण किंवा जंतुनाशक जेल मुळीच वापरायचं नाही. एका बोटानं हळूच आत, बोट गोल फिरवून चार-पाच लेंड्या बाहेर. मोजा उलटा करून त्यातच लेंड्या पकडायच्या आणि तोंड बंद केलेल्या डबीत टाकायच्या. प्रत्येक मेंढीला नवा मोजा. हे ऐकायला सोपं वाटतं, पण तिसाव्या मेंढीपर्यंत सगळे थकलेले असतात आणि मोजा बदलायचा कंटाळा येतो. एकाच मोज्यानं तीन मेंढ्या केल्या तर एक वाहक कागदावर तीन होतात.

डबीवर आधीच क्रमांक लिहून ठेवा. ओल्या हातांनी, मेंढी सुटायला बघत असताना लिहिलेला ७ नंतर १ वाटतो.

किती मेंढ्या तपासायच्या? सगळ्याच?

सगळ्या तपासायची गरज पडत नाही. इथे थोडं गणित आहे, पण ते समजून घेण्यासारखं आहे. समजा मोठ्या कळपात दर दहामागे एक मेंढी लेंडीतून जिवाणू टाकते आहे. एक मेंढी तपासली तर ती नेमकी बिनजिवाणूची निघण्याची शक्यता ०.९. दोन तपासल्या तर ०.९ गुणिले ०.९. असं करत गेलं की २९ व्या मेंढीला हा आकडा ०.०५ च्या खाली जातो. म्हणजे २९ मेंढ्या तपासल्या तर निदान एक तरी वाहक हाती लागण्याची शक्यता ९५ टक्के होते.

दर वीसमागे एक वाहक असेल तर हाच आकडा ५९ होतो. शंभरामागे एक असेल तर २९९. तोंडपाठ ठेवायचा अडाखा असा: ३ ला अपेक्षित प्रमाणानं भागा. ३ भागिले ०.१ म्हणजे ३०, ३ भागिले ०.०१ म्हणजे ३००. कळपच शंभरेक मेंढ्यांचा असेल तर आकडा थोडा खाली येतो, २९ च्या जागी साधारण २५ पुरतात.

आता यात मेख आहे. हे गणित तपासणी अचूक आहे असं धरून चालतं. प्रत्यक्षात वाहक मेंढी रोज जिवाणू टाकत नाही. आज टाकेल, परवा थांबेल. तपासणीत निम्मेच वाहक पकडले जात असतील तर दहा टक्क्यांचा कळप तुम्हाला पाच टक्क्यांचा वाटतो आणि २९ च्या जागी ५९ नमुने लागतात. दहा नमुने घेऊन "कळप स्वच्छ" म्हणणारे अहवाल मी पाहिले आहेत. दहा नमुन्यांत एकही सापडला नाही याचा अर्थ फार तर एवढाच की कळपातल्या चौथाईहून जास्त मेंढ्या वाहक नसाव्यात.

नमुने एकत्र करून तपासले तर खर्च वाचतो. चालतं का?

चालतं, आणि कळपाच्या पातळीवरच्या प्रश्नासाठी तेच शहाणपणाचं. साल्मोनेलासाठी पाच मेंढ्यांच्या पाच-पाच ग्रॅम लेंड्या एकत्र करून २५ ग्रॅमचा एक नमुना बनवायचा आणि तो २२५ मिलिलिटर द्रवात घालायचा. एका लेंडीतले थोडे जिवाणू बाकीच्या वीस ग्रॅमांत विरळ होतात, ही त्याची किंमत. कोणत्या मेंढीत आहे हे कळत नाही, पण कत्तलीच्या निर्णयाला ते बहुतेक वेळा लागतही नाही. मूळ डब्या मात्र थंड जागी जपून ठेवा, म्हणजे गरज पडली तर सुटे नमुने तपासता येतात.

वाड्यात चालताना बुटांवर चढवायचे ओले कापडी मोजेही असतात. सगळ्या वाड्यातून चालत गेलं की तळाला सगळ्या मेंढ्यांची हजेरी लागते. स्वस्त आणि झटपट, पण त्यातून मागच्या महिन्यातल्या मेंढ्यांचेही जिवाणू येऊ शकतात. हवा न मिळालेल्या मेंढीच्या खताच्या ढिगात ओ१५७ तब्बल २१ महिने जिवंत राहिल्याची १९९८ मधली नोंद आहे.

कत्तलीच्या किती दिवस आधी नमुने घ्यायचे?

खरी कोंडी इथे आहे. अगदी आदल्या दिवशी घेतले तर निकाल येईपर्यंत मांस बाजारात गेलेलं असतं. महिनाभर आधी घेतले तर मधल्या काळात कळपाची स्थितीच बदलते. रोजचा व्यवहार असा: दोन ते तीन आठवडे आधी एकदा कळप तपासायचा, त्यावरून क्रम ठरवायचा, आणि निघायच्या दोन-तीन दिवस आधी कमी नमुन्यांची झटपट तपासणी करायची. दुसरी तपासणी जमणार नसेल तर नुसती पहिलीही उपयोगाची आहे, फक्त तिच्यावर तारीख ठळक लिहा. उष्ण महिन्यांत आणि कोवळ्या कोकरांत जिवाणू टाकण्याचं प्रमाण जास्त असू शकतं. एका मोसमातला निकाल दुसऱ्या मोसमाला लावू नका.

नमुना प्रयोगशाळेपर्यंत कसा न्यायचा?

थंड, पण गोठवलेला नाही. २ ते ८ अंश सेल्सिअस, आणि शक्यतो चोवीस तासांच्या आत. साल्मोनेला आणि ई. कोलाय दणकट आहेत, ते एखादा दिवस जास्त काढतात. कॅम्पिलोबॅक्टर नाजूक. त्याच्यासाठी बोळा कॅरी-ब्लेअरसारख्या वाहतुकीच्या माध्यमात खोल खुपसून पाठवायचा.

एकदा मी स्वतः चाळीस डब्या थेट बर्फाच्या लाद्यांना टेकवून पाठवल्या. वाटेत तळच्या डब्या दगडासारख्या गोठल्या. निकाल आला: चाळीसपैकी वरच्या थरातल्या अकरांत कॅम्पिलोबॅक्टर, खालच्या थरात एकही नाही. कळप तोच, मेंढ्या त्याच, माणूसही तोच. तेव्हापासून मी बर्फ आणि डब्यांच्या मध्ये जाड पुठ्ठा घालतो आणि पेटीत तापमान नोंदवणारं यंत्र ठेवतो.

प्रयोगशाळेत असं काय चालतं की निकालाला चार-पाच दिवस लागतात?

साल्मोनेलाचं उदाहरण घेऊ. आयएसओ ६५७९ या मानकात जनावरांच्या विष्ठेसाठी ठरलेला हा मार्ग आहे. पहिल्या दिवशी लेंडी बफर असलेल्या पेप्टोनच्या पाण्यात घालून ३७ अंशांच्या आसपास १८ तास ठेवतात. वाटेत थंडीनं, कोरडेपणानं अर्धमेले झालेले जिवाणू इथे सावरतात. दुसऱ्या दिवशी त्यातले तीन थेंब अर्धवट घट्ट जेलीसारख्या माध्यमावर ठेवतात आणि ४१.५ अंशांवर ठेवून देतात. या माध्यमाची गंमत अशी की साल्मोनेला त्यात पोहत पोहत दूर जातो. सकाळी ताटली उजेडात धरली की थेंबाभोवती धुरकट पांढरी वर्तुळं पसरलेली दिसतात. बाकीचे बहुतेक जिवाणू थेंबापाशीच अडकून राहतात.

तिसऱ्या दिवशी त्या वर्तुळाच्या कडेवरून, थेंबापासून लांबून, तारेच्या टोकानं किंचित उचलून एक्सएलडी नावाच्या लाल माध्यमावर रेघा ओढतात. चौथ्या दिवशी लालसर वसाहती, म्हणजे जिवाणूंचे डोळ्यांना दिसणारे पुंजके, आणि मधोमध काळा ठिपका दिसला तर संशय पक्का. पण काळा ठिपका प्रोटियसही दाखवू शकतो, त्यामुळे लगेच फोन करायचा नाही. जैवरासायनिक चाचण्या आणि काचपट्टीवर प्रतिद्रव्याच्या थेंबात गुठळ्या होतात का हे पाहून पाचव्या दिवशी नाव ठरतं. एकही वर्तुळ पसरलं नाही तरी ते माध्यम आणखी एक दिवस ठेवतात, त्यामुळे "नाही" म्हणायलाही तीन दिवस लागतात.

कॅम्पिलोबॅक्टरला प्राणवायू कमी लागतो. ५ टक्के प्राणवायू, १० टक्के कार्बन डायऑक्साइड आणि बाकी नायट्रोजन अशा हवेच्या बंद डब्यात, ४१.५ अंशांवर, कोळशाची पूड घातलेल्या काळ्या माध्यमावर तो दोन दिवसांत उगवतो.

ओ१५७ साठी वेगळं काही करतात का?

हो. बहुतेक ई. कोलाय सॉर्बिटॉल नावाची साखर आंबवतात आणि ताटलीवर गुलाबी दिसतात. ओ१५७ ती सहसा आंबवत नाही, म्हणून त्याची वसाहत फिकट, रंगहीन राहते. पण लेंडीत गुलाबी वसाहतींचा महापूर असतो, फिकट दोन-तीन त्यात दिसणार कशा? म्हणून आधी ओ१५७ ला चिकटणारी प्रतिद्रव्यं लावलेले चुंबकीय मणी द्रवात घालतात. नळीला चुंबक लावला की मणी भिंतीला चिकटतात, बाकी गाळ ओतून टाकायचा. कुठल्याही महागड्या यंत्राइतकं या साध्या युक्तीनं माझं काम सोपं केलं आहे.

पण ओ१२८, ओ१४६ वगैरे प्रकार सॉर्बिटॉल आंबवतात आणि गर्दीत मिसळून जातात. मेंढीच्या लेंडीत नुसती ही ताटली वापरून "शिगा विषाचा ई. कोलाय नाही" असं लिहिणं म्हणजे अर्धं घर झाडून कचरा नाही म्हणण्यासारखं. त्यांच्यासाठी विषाचं जनुकच शोधावं लागतं.

मग सरळ पीसीआर का करत नाही?

करतात. पीसीआर म्हणजे जनुकाच्या प्रती वाढवून ते शोधणारी तपासणी. शिगा विषाची दोन जनुकं आणि आतड्याला चिकटण्यासाठी लागणारं इएई हे जनुक अशी तीन एकदम शोधता येतात. यंत्रावरचं काम दोनेक तासांचं. तरी आधी रात्रभर द्रवात वाढवणं टळत नाही, कारण लेंडीतले पित्तक्षार आणि वनस्पतींची गुंतागुंतीची शर्करा पीसीआरच्या विकराला अडवतात. अशा वेळी यंत्र सरळ "नाही" दाखवतं. त्यामुळे प्रत्येक नळीत ओळखीच्या डीएनएची एक खूणचिठ्ठी घालतात. तीही वाढली नाही तर तो निकाल निगेटिव्ह धरायचा नाही, नमुना पातळ करून पुन्हा लावायचा.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. पीसीआरला विषाचं जनुक सापडलं आणि इएईही सापडलं, तरी दोन्ही एकाच जिवाणूत आहेत असं सिद्ध होत नाही. विषाचं जनुक मुळात जिवाणूंनाच लागणाऱ्या विषाणूवर असतं आणि तो विषाणू सुटाही फिरत असतो. मेलेल्या जिवाणूचं डीएनएही चकवतं. शेवटी जिवंत वसाहत हातात आल्याशिवाय खात्री होत नाही. माझ्या लेखी पीसीआर हा गाळणीचं काम उत्तम करतो: ज्या नमुन्यांत काहीच नाही ते सोडून द्या, बाकीच्यांवर ताटल्या खर्च करा.

वाड्यातच पट्टीवर थेंब टाकून दहा मिनिटांत निकाल मिळतो म्हणतात, खरं आहे का?

पट्टी दहा मिनिटांचीच असते, पण तिला दिसायला मिलिलिटरमागे लाखाच्या घरात जिवाणू लागतात. ताज्या लेंडीत तेवढे क्वचितच असतात. आधी वाढवायचंच असेल तर दहा मिनिटांचं कौतुक कशाला? एकाच तापमानावर, साठ-पासष्ट अंशांवर, चालणारी लॅम्प ही जनुक तपासणी वाड्याजवळ नेण्यासारखी आहे, तिच्यावर माझा जास्त भरवसा आहे.

रक्त तपासून कळत नाही?

रक्तातली प्रतिद्रव्यं मागे कधीतरी गाठ पडली होती एवढं सांगतात. आज लेंडीत काय आहे ते सांगत नाहीत. डुकरांच्या कळपात साल्मोनेलासाठी ही पद्धत वापरतात. मेंढ्यांत ती रोजच्या वापरात नाही.

निगेटिव्ह आलं, म्हणजे कळप सुरक्षित?

निगेटिव्ह म्हणजे "सापडलं नाही". त्यामागे चार शक्यता असतात: खरंच नाही, त्या दिवशी मेंढी टाकत नव्हती, नमुना वाटेत मेला, किंवा पद्धतच त्या प्रकारासाठी नव्हती. पाचवीही एक आहे: नुकतंच अँटिबायोटिक दिलं होतं आणि कोणी सांगितलं नाही. नमुन्याच्या कागदावर मागच्या महिनाभरातल्या औषधांचा रकाना असतो, तो कोरा सोडू नका.

तपासणीनंतर वाहतुकीमुळे कळपाच्या स्थितीत बदल होतो का?

होतो, आणि बऱ्यापैकी. गाडीत दाटीवाटी, तासन्‌तास उभं राहणं, अनोळखी मेंढ्या, पाण्याची आबाळ यामुळे आधी गप्प असलेली वाहक मेंढी जिवाणू टाकू लागते. त्यात उपास. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबून जी आम्लं तयार होतात, ती साल्मोनेला आणि ई. कोलायला दाबून ठेवतात. चारा बंद झाला की आम्लं घटतात आणि हे दोघं डोकं वर काढतात. ऑस्ट्रेलियात १९६० च्या दशकात मेंढ्यांवरच झालेल्या प्रयोगांनी हे दाखवून दिलं, त्यात नवं काही नाही. पोट थोडं रिकामं असलेलं बरं, कारण भरलेली आतडी काढताना फुटतात. पण उपास लांबला की फायदा उलटतो. पाणी कधीच तोडायचं नाही.

कत्तलखान्याच्या थांब्यावरची फरशी हा आणखी एक सापळा. डुकरांवरच्या प्रयोगांत घाण थांब्यावर अवघ्या दोन-तीन तासांत साल्मोनेला आतड्यात पोहोचल्याचं दिसलं आहे. मेंढीला तोंड खाली घालून हुंगायची सवय असतेच. सकाळी निगेटिव्ह आलेला कळप दुपारपर्यंत आदल्या कळपाचे जिवाणू अंगावर घेऊन उभा असू शकतो. म्हणून थांबा शक्य तितका छोटा ठेवायचा आणि दोन कळपांच्या मध्ये फरशी धुऊन कोरडी करायची. नुसतं पाणी मारून ओली ठेवलेली फरशी धुतली असं मी धरत नाही.

पॉझिटिव्ह आलं तर कळपाचं काय करायचं? मारून टाकायचा?

अजिबात नाही. वाहक मेंढ्या जगभर कत्तलीला जातात, आणि स्वच्छ काम झालं तर त्यांचं मांस खाण्यायोग्य असतं. करायचं ते असं: हा कळप दिवसाच्या शेवटी घ्या म्हणजे मागून येणारं कोणी नसेल. कोरडी लोकर असल्याशिवाय रेषेवर चढवू नका. सोलताना लोकरीची बाहेरची बाजू मांसाला लागू न देणं, गुदद्वार बांधून पिशवीत घेणं, प्रत्येक जनावरामागे सुरी ८२ अंशांच्या पाण्यात बुडवणं, यावर त्या दिवशी जास्त डोळे ठेवा. वाड्यात परतून पाण्याची टाकी, गव्हाण आणि उंदरांचा बंदोबस्त बघा.

साल्मोनेलाचा घातक उपप्रकार निघाला किंवा कळपात गर्भपात, हगवण सुरू असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा कत्तल थांबवून पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवायचं. कोणता प्रकार कळवणं बंधनकारक आहे हे देशागणिक बदलतं.

सगळ्या कळपाला अँटिबायोटिक दिलं तर?

देऊ नका. निरोगी वाहकांतून जिवाणू पुरते जात नाहीत, साल्मोनेला टाकण्याचा काळ उलट लांबू शकतो आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू निवडून वाढतात. मांसात औषधाचा अंश राहतो तो वेगळाच.

एखादीच मेंढी सगळा कळप नासवते, असं खरंच असतं?

ओ१५७ च्या बाबतीत बऱ्याच अंशी. काही मोजकी जनावरं लेंडीच्या ग्रॅममागे दहा हजारांहून जास्त जिवाणू टाकतात, बाकीची शे-दोनशे. वाड्यातल्या एकूण घाणीत या मोजक्यांचा वाटा सर्वांत मोठा. ती ओळखायची तर नुसतं "आहे-नाही" पुरत नाही, मोजणी लागते आणि तीही सुट्या नमुन्यांवर. पण तीच मेंढी पुढच्या आठवड्यात साधी झालेली असू शकते. त्यामुळे तिला शोधून वेगळं बांधण्यापेक्षा वाडा कोरडा ठेवण्यावर मी जास्त भर देतो.

नमुने घेणाऱ्याला धोका आहे का?

आहे. शंभराच्या आत जिवाणू पुरतात म्हटल्यावर तंबाखू मळणं, मोबाइल कानाला लावणं, पेन तोंडात धरणं हे सगळं हात साबणानं धुतल्यानंतरच. अल्कोहोलचं जेल विष्ठा लागलेल्या हातांवर नीट काम करत नाही. लहान मुलांना नमुने घेण्याच्या जागी येऊ देऊ नका. गरोदर बाईनं मेंढ्या विताना किंवा गर्भपात होताना जवळ जाऊ नये. तिथे लिस्टेरियाखेरीज आणखीही बरंच काही असतं.

आणि कळपातली मेंढी अचानक मेली, नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त आलं, तर नमुन्यासाठी पोट फाडू नका. काळपुळीचा संशय धरून पशुवैद्यकाला बोलवा. उघड्या हवेत त्या जिवाणूचे बीजाणू तयार होतात आणि ते वर्षानुवर्षं मातीत राहतात.

अहवाल हातात आला की आधी काय वाचायचं?

पॉझिटिव्ह-निगेटिव्ह नंतर. आधी नमुना घेतल्याची तारीख आणि प्रयोगशाळेत तपासणी सुरू झाल्याची तारीख. दोन्हींत चार-पाच दिवसांचं अंतर असेल तर कॅम्पिलोबॅक्टरच्या निकालावर काट मारा. मग किती मेंढ्या, सुटे की एकत्र नमुने, किती ग्रॅम. मग पद्धत: ताटली, पीसीआर की दोन्ही, आणि ई. कोलाय लिहिलं असेल तर फक्त ओ१५७ की सगळे शिगा विषवाले. यातलं काही लिहिलेलं नसेल तर प्रयोगशाळेला फोन करून विचारा. चांगल्या प्रयोगशाळेला असे प्रश्न आवडतात.